सोडचिठ्ठीतली गाळलेली ओळ

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यांत माझी ओळख करून देताना नातेवाईक अडखळतात. "या कौटुंबिक न्यायालयात होत्या," म्हटलं की वधूची आई हातातलं अक्षतांचं ताट नकळत जरा मागे घेते. पण जेवणं झाली की तीच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते आणि हळू आवाजात म्हणते, "आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं विचारायचं होतं." ही ओळखीतली मुलगी बहुतेक वेळा घरातलीच निघते.

मी नागपूरला बावीस वर्षं विवाह समुपदेशक होते. घटस्फोटाचा किंवा खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज दाखल झाला की न्यायाधीश त्या नवरा-बायकोला आधी आमच्या खोलीत पाठवतात. खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करणारा कूलर. वकील बाहेर थांबतात. आधी एकाशी बोलायचं, मग दुसऱ्याशी, मग दोघांना समोरासमोर बसवायचं. शेवटी अहवाल द्यायचा, समेट झाला किंवा झाला नाही, एवढाच. खोलीत कोण रडलं, कोणी काय कबूल केलं, हे अहवालात येत नाही आणि आम्हाला ते बाहेर सांगताही येत नाही. या नियमामुळेच माणसं तिथे खरं बोलत.

नाव-गाव गाळून एवढं सांगते: एक इंजिनिअर नवरा होता. त्याला काही विचारलं की तो उठून दाराबाहेर बसलेल्या आईला विचारून येई आणि मग उत्तर देई. तिसऱ्या फेरीला मी त्यालाच बाहेर बसवलं आणि आईला आत बोलावलं. ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "मॅडम, मलेही याचा कंटाळा आला जी." ते लग्न टिकलं. दुसऱ्या एका जोडप्याचं सगळं ठरलं होतं, फक्त कूलर कोणी न्यायचा यावर अडलं होतं. एप्रिल महिना होता. मी पुढची तारीख ऑगस्टची सुचवली. ऑगस्टमध्ये दोघांनाही कूलर नको होता.

कायदा मी रोज त्याच शब्दांत समजावून सांगत असे, ते अजून तोंडपाठ आहे. दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो. मग साधारण सहा महिने विचाराला मिळतात, अलीकडे काही प्रकरणांत न्यायालय तो थांबा माफही करतं. संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं आणि मग वर्षं मोजायची नाहीत. घटस्फोट झाला म्हणजे खावटी संपली, असं नवऱ्यांना वाटतं. तसं नाही. घटस्फोटित बाई पुन्हा लग्न करेपर्यंत खावटी मागू शकते. नोकरी करणाऱ्या बाईला काहीच मिळत नाही, हाही गैरसमज आहे आणि प्रत्येक बाईला निम्मी इस्टेट मिळते, हाही. खावटीचं कलम एकशे पंचवीस होतं. मी निवृत्त झाले आणि नव्या कायद्यात त्याचं एकशे चव्वेचाळीस झालं. आयुष्यभर एकशे चव्वेचाळीस म्हणजे जमावबंदी हे ऐकलेली माणसं आता खावटीच्या नोटिशीवर तो आकडा पाहून घाबरतात आणि विचारतात, "मॅडम, आम्ही तर दोघंच होतो, जमाव कुठं होता?"

हे सगळं मी सराईतपणे सांगत असे. ज्या एका गोष्टीबद्दल मला सराईतपणे बोलता येत नाही, ती म्हणजे सोडचिठ्ठी.

गावाकडून येणाऱ्या कितीतरी बाया पिशवीतून घडी पडलेला स्टॅम्पपेपर काढून टेबलावर ठेवत. पंचांसमोर, नाहीतर नोटरीसमोर लिहिलेला. त्यांच्या मते घटस्फोट केव्हाच झालेला असे. मी सांगत असे, की कागदावर दोघांनी सह्या केल्या म्हणून लग्न मोडत नाही, ते न्यायालयच मोडू शकतं. याला एक अपवाद आहे. हिंदू विवाह कायद्यात एक लहानसं उपकलम आहे. एखाद्या समाजात पूर्वापार काडीमोडाचा रिवाज असेल, तर तो रिवाज या कायद्यानं रद्द होत नाही. फक्त तो रिवाज आहे आणि त्याप्रमाणे काडीमोड झाला, हे सांगणाऱ्यानं सिद्ध करून दाखवावं लागतं. ऐकायला सोपं आहे. करायला किती अवघड आहे ते मला मंदामुळे कळलं.

मंदाला विचारूनच हे लिहिते आहे. ती म्हणाली, "नाव बदलव, पन चक्की बदलवू नोको." म्हणून नाव बदललं आहे.

आमचं गाव कुही तालुक्यात, धानाच्या बांध्यांमधलं. वडील राइस मिलमध्ये पोती उचलत. घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी शिकले ती कुहीच्या शाळेतल्या एका गुरुजींमुळे. वसतिगृहाचा अर्ज त्यांनी भरला, फी माफ व्हावी म्हणून तेच खेटे घालत राहिले आणि माझी भाषाही त्यांनीच घडवली. "लिवलं नाही, लिहिलं," असं ते शंभरदा म्हणाले असतील. निबंधात मी गावातला शब्द वापरला की त्याखाली तांबडी रेघ. त्या रेघांचे उपकार मी विसरलेले नाही. त्यांच्यामुळेच मी एके दिवशी नागपूरहून बी.ए. होऊन गावी परतले आणि गावानं मला लिहिण्याच्या कामाला लावलं. शाळेचे दाखले, विहिरीचे अर्ज, मनीऑर्डरीवरचा मजकूर सगळे माझ्याकडून लिहून घेत. मला ते आवडत होतं.

त्याच उन्हाळ्यात मंदाचा काडीमोड झाला. मंदा माझ्या बरोबरीची, दोन घरं सोडून राहणारी. पहिलीत आम्ही एका पाटीवर लिहिलं होतं. मग ती धानाच्या रोवणीला जाऊ लागली आणि मी पुढच्या वर्गात. शेजारच्या गावात तिचं लग्न झालं होतं. चार वर्षांत मूल झालं नाही आणि नवरा-बायकोत बोलणंही उरलं नाही. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. दोन्ही घरांनी ठरवलं की सोडून घ्यावं.

मारुतीच्या देवळात सतरंजी टाकली होती. पाच पंच बसले होते. समाजाचे म्हातारे महाजन संपतबुवा मध्ये. त्यांनी धानाची एक लांब काडी घेतली, एक टोक मंदाच्या हातात दिलं, एक नवऱ्याच्या. स्वतः मधोमध धरली आणि मोडली. "आजपासून तुहा रस्ता तुले, तिचा रस्ता तिले," म्हणाले. दोघांनी आपापला तुकडा खाली टाकला. आमच्या समाजात हे असंच होत आलं होतं. कागदाची पद्धत त्या मानानं नवी होती. काडी मोडल्यावर आता लिहूनही ठेवावं, असं लोकांना वाटू लागलं होतं.

बुवांनी स्टॅम्पपेपर माझ्यापुढे सरकवला. "लिव पोरी. पाच पंचांसमोर, जातीच्या रिवाजापरमानं, काडी मोडली."

मी पेन उघडलं आणि थांबले. "बुवा, कागदावर असं लिहीत नाहीत."

"मंग कसं लिवतात?"

"उभय पक्ष राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय घटस्फोट घेत आहेत."

"हे उभय कोन?" बुवांनी विचारलं. मंडळी हसली. एक पंच म्हणाले, "असंन कोनी नागपूरचा वकील."

"उभय म्हणजे दोघं," मी म्हटलं.

"मंग दोघं लिव ना."

"ते बरं दिसत नाही, बुवा. आणि काडीचंही नको. सरकारी कागद आहे."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कौतुकच होतं. "तू शिकली बापा. तू म्हनशीन तसं."

मी वळणदार अक्षरात पानभर लिहिलं. त्यात उभय होतं, सदरहू होतं, उपरोक्त होतं. काडी, पंच किंवा रिवाज यांतलं काही नव्हतं. साक्षीदार म्हणून दोन पंचांचे अंगठे घेतले, पण ते पंच आहेत हेही लिहिलं नाही. सगळ्यात खाली, लिहिणाऱ्याच्या जागी, मी माझं नाव घातलं आणि नावापुढे बी.ए. अंगठा उठवण्याआधी मंदानं कागदावर वाकून पाहिलं. तिला वाचता येत होतं ते जेमतेम स्वतःचं नाव.

"शकू, माहं नाव नीट लिवलं ना वं?"

"हो," मी म्हटलं.

पुढे मी समाजकार्याची पदवी घेतली, नोकऱ्या केल्या, लग्न झालं, आडनाव बदललं आणि न्यायालयात लागले. मंदाचं इतकंच कळलं होतं, की तिचा पाट लागला, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं दुसरं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली.

नोकरीच्या सहाव्या वर्षी एक फाईल माझ्या टेबलावर आली. अर्जदार बाई, वय त्रेचाळीस. नवरा दिवाकर, हुडकेश्वरकडे पिठाची चक्की. पहिली बायको वारल्यावर त्यानं हिच्याशी पाट लावला होता. सात वर्षांचा मुलगा होता, तो हिनं वाढवला. सोळा वर्षं झाली. मुलाचं लग्न झालं, सून आली आणि सहा महिन्यांत हिला घराबाहेर काढलं. खावटी मागितली होती.

नवऱ्याच्या उत्तरात वकिलानं लिहिलं होतं, की अर्जदार बाईचं पहिलं लग्न कायद्यानं कधी मोडलंच नाही. ती अजून पहिल्याची बायको आहे. त्यामुळे दिवाकरशी तिचं लग्न झालेलं नाही, ती त्याची पत्नी नाही आणि खावटीला पात्र नाही. सोबत पुरावा म्हणून सोडचिठ्ठीची झेरॉक्स. पाट लावण्याआधी बाईची सोडचिठ्ठी पाहायची आणि ठेवून घ्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. दिवाकरनं ती सोळा वर्षं पेटीत जपली होती. ज्या कागदाच्या भरवशावर त्यानं पाट लावला, तोच कागद दाखवून तो आता म्हणत होता की लग्न झालंच नाही.

मी झेरॉक्स पाहिली. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. खाली माझं माहेरचं नाव होतं. बी.ए. सुद्धा.

त्याच वेळी उठून मॅडमना, म्हणजे न्यायाधीशांना, सांगायला हवं होतं, की या प्रकरणाशी माझा संबंध आहे. मी घंटी वाजवून शिपायाला त्या दोघांना एकदमच आत पाठवायला सांगितलं.

मंदा आत आली. जाड झाली होती, केस पिकले होते. बसल्या बसल्या तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"मॅडम, तुमी कुहीकडच्या का?"

"हो, तिकडचीच," मी म्हटलं आणि फाईल उघडली. तिनं पुढे विचारलं नाही.

दिवाकर तिच्याशेजारी खुर्चीच्या कडेवर बसला. दांडगा माणूस, पण आवाज बारीक. "मी वाईट मानूस नाई जी," तो म्हणाला. "घरात रोजची कटकट. पोरगं म्हन्ते, हे राहिली तं आमी जातो. मी का करू?"

"मग ही बायको नाही, असं का लिहिलंत?"

"ते वकिलानं लिवलं. मले का समजते?"

"पाट लागला तेव्हा कोण होतं?"

"सगळेच होते. दोन पंगती उठल्या."

"बापा!" मंदा त्याच्याकडे वळली. "पंगती आठोते, अन् बायको नाई आठोत?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सोळा वर्स चक्कीवर उभी राहिली मॅडम. गिऱ्हाइकं मले चक्कीवाली भाभी म्हनत. भाभी कोनाची, हे कोनी नाई पुसलं. आता वकीलसाहेब पुसून राहिले."

दिवाकरनं खिशातला रुमाल काढून मान पुसली.

"मले पैसे देल्ले तं बरंच होईन," मंदा म्हणाली. "पोट तं पोळ्या लाटूनही भरते. पन मोहल्ल्यात सून सांगून राहिली का हे ठेवलेली होती. ठेवलेली! मी त्या पोराचं नाक पुसलं, त्याचा ताप काढला. तुमी फक्त एवढं लिवून द्या मॅडम का मी बायको होती."

खोलीतलं बोलणं बाहेर जाऊ शकत नव्हतं, म्हणजे दोन पंगतींची कबुली तिथेच राहणार होती. पण काडीमोड खोलीत झाला नव्हता, देवळात झाला होता. तो मी पाहिला होता आणि ते सांगायला मला कोणताही नियम आड येत नव्हता. आड येत होती ती मीच. न्यायालयातली समुपदेशक, आणि तिनंच लिहिलेली सोडचिठ्ठी निकामी. लोकांना रोज जे समजावून सांगते, ते तिला स्वतःलाच कळलं नव्हतं. मी अहवाल लिहिला: समेट झाला नाही. फाईल गेली.

पुढच्या तारखेला अंतरिम खावटीचा अर्ज नामंजूर झाला. निकाल लागेपर्यंत तात्पुरती मिळते ती ही खावटी. आदेश दीड पानाचा होता. रिवाजाप्रमाणे काडीमोड झाल्याचा उल्लेख कागदात नाही, तेव्हा दिवाकरशी झालेलं लग्नच संशयास्पद ठरतं. समोर जो पुरावा होता, त्यावरून तो आदेश बरोबर होता. कागदात उल्लेख नव्हताच.

आठवडाभरानं मंदा बोलावणं नसताना खोलीत आली. दार लोटून घेतलं.

"शकू, तू वळखलं होतं ना वं मले?"

मी हो म्हटलं.

"मीही वळखलं. तुही पायावर पाय ठेवून बसाची सवय नाई गेली." ती खुर्चीत बसली. "माह्या वकिलीनबाई म्हन्तात, लिवनारा साक्षीदार सापडला तं काम होते. मी म्हनलं, मले नाई मालूम तो कुठं असते."

"का सांगितलं नाहीस?"

"तुह्या नोकरीचं काही झालं तं? गावातून एकच तं पोरगी शिकली." तिनं जगातलं पाणी ओतून घेतलं. "आता सांगू का नोको, हे पुसाले आली. तू नाई म्हनशीन तं नाई सांगत. भावाकडं राहीन. भावजय बोलते, बोलू दे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी आजवर या खोलीत शेकडो माणसांचे आरोप ऐकले, त्यांना तोंड कसं द्यायचं हे मला ठाऊक होतं. परवानगी मागायला आलेल्या माणसापुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

तिला बसवून मी तशीच उठले आणि मॅडमच्या कक्षात गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?"

"लाज वाटली, मॅडम."

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. मी लेखी खुलासा दिला. प्रकरण दुसऱ्या समुपदेशकाकडे गेलं, माझ्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. बावीस वर्षांतली ती एकच, आणि योग्य होती. मंदाच्या वकिलांनी माझं नाव साक्षीदारांच्या यादीत घातलं.

पण एका काडीमोडावरून रिवाज सिद्ध होत नाही. तो समाजात आधीपासून आहे, हे दाखवावं लागतं. संपतबुवा आणि इतर पंच वारले होते. मंदाचा भाऊ गावोगाव हिंडला आणि एका म्हातारीला घेऊन आला. तिचा स्वतःचा काडीमोड पंचांसमोर होऊन दुसऱ्या घरी पाट लागला होता आणि त्या घरी तिला आता नातवंडं होती. तिची साक्ष माझ्या आधी झाली. मी बाहेर बाकावर होते, पण म्हातारीचा आवाज असा, की व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ती साक्ष ऐकली.

नवऱ्याच्या वकिलांनी विचारलं, "आजी, तुमचा काडीमोड झाल्याचा काही पुरावा आहे?"

"मी का समोर उभी नाई?"

"कागद आहे का?"

"नाई जी."

"मग काडी तरी आहे का?"

"काडी कोन जपून ठेवते जी? मोडली का मोडली. जपाची असती तं मोडली काहून असती?"

आतून हसण्याचा आवाज आला. मॅडमनी बहुधा टेबलावर टकटक केली.

मग माझं नाव पुकारलं. ज्या न्यायालयात मी रोज अहवाल घेऊन जात असे, तिथे पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. मंदाच्या वकिलांनी अक्षर माझं का, मी काय पाहिलं, ते विचारलं. मी सतरंजीपासून काडीच्या तुकड्यांपर्यंत सांगितलं. मग नवऱ्याचे वकील उठले. रोज मला "कशा आहात मॅडम" म्हणणारे गृहस्थ.

"तुम्ही तेव्हा बी.ए. झालेल्या होतात?"

"हो."

"कागदावर तसं लिहिलंयही. म्हणजे जे घडलं ते नीट लिहिण्याइतकं तुमचं शिक्षण होतं?"

"होतं."

"या कागदात काडी मोडल्याचा एक शब्द आहे का?"

"नाही."

"पंचांचा? रिवाजाचा?"

"नाही."

"मग काडी मोडलीच नाही, आज तुम्ही मैत्रिणीसाठी खोटं सांगत आहात, असं मी म्हणतो."

"मोडली. महाजनांनी मला तसं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

"का लिहिलं नाही?"

असा प्रश्न वकिलानं सहसा विचारू नये. उत्तर काय येईल ते ठाऊक नसतं. त्यांना ते प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर कळलं असावं. मी मॅडमकडे पाहिलं.

"मला ते गावंढळ वाटलं," मी म्हटलं. "मी नुकती शिकले होते. त्यांनी जे सांगितलं त्यापेक्षा मला जे लिहिता येत होतं ते मला मोठं वाटलं."

वकील खाली बसले. मॅडम टंकलेखकाला सांगू लागल्या. साक्ष सावकाश, वाक्य तोडून सांगतात, म्हणजे टंकलेखकाला वेळ मिळतो. "पाच पंचांसमोर... समाजाच्या रिवाजाप्रमाणे... धानाची काडी मोडली... असे लिहिण्यास महाजनांनी सांगितले होते." बोटं चालत होती. बुवांचं वाक्य एकवीस वर्षांनी कागदावर येत होतं, सरकारी कागदावरच, आणि त्यात काही वाईट दिसत नव्हतं.

निकालाला आणखी चार महिने लागले. न्यायालयानं रिवाज मान्य केला, काडीमोड मान्य केला, म्हणून पाटही. खावटी मंजूर झाली, अर्जाच्या तारखेपासून. दिवाकरनं अपील केलं नाही. एकदा व्हरांड्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बरं झालं मॅडम, माह्या तोंडून तं निंगालं नसतं." खावटी तो आजही देतो, कधी वेळेवर, कधी नाही. मंदा घरी परत गेली नाही. भावाच्या गावी तिनं लहानशी चक्की टाकली. अलीकडे वरच्या न्यायालयांनी अशा बायांच्या बाबतीत बरीच उदार भूमिका घेतली आहे. आज मंदा आली असती तर तिला कदाचित काडीपर्यंत जावं लागलं नसतं. पण ती आली तेव्हा तसं नव्हतं, आणि मधले अकरा महिने ती भावजयीचं बोलणं ऐकत पोळ्या लाटत होती. त्यातले किती माझ्या गप्प राहण्याचे, याचा हिशेब मला लागत नाही.

त्यानंतर सोडचिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला मी कायदा नंतर सांगू लागले. आधी विचारत असे, "तिथे काय काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा." आणि ती सांगेल तसंच टिपून घेत असे. गुरुजींनी पाहिलं असतं तर पानभर तांबड्या रेघा दिसल्या असत्या. ते हयात होते तोवर दर दिवाळीला मी त्यांना भेटायला जात असे. ही गोष्ट मात्र त्यांना कधी सांगितली नाही. त्यांनी दिलं ते खरंच होतं. कुठे वापरायचं नाही, ते मी शिकायचं होतं.

निकालाची नक्कल मिळाली त्या दिवशी मंदा ती घेऊन माझ्या खोलीत आली. अकरा पानं, शिक्का मारलेली. टेबलावर ठेवून म्हणाली, "कुठं लिवलं बायको म्हून, दाखव."

मी नवव्या पानावर बोट ठेवलं. तिनं त्या शब्दावर स्वतःचं बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. मग पुन्हा पहिलं पान काढून, तिला वाचता येत होतं त्या एका जागी वाकून पाहिलं.

"माहं नाव नीट लिवलं ना वं?"

"थांब," मी म्हटलं. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत सगळी अकरा पानं वाचली. बाहेर शिपाई पुढच्या जोडप्याला थांबवून उभा होता. मंदा पाणी पीत बसून राहिली.

मग मी हो म्हटलं.